नऊवारीतली सायकल

मानक नगर, लखनौ
ता. १२ ऑगस्ट १९७९

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे हे आणि नीला खुशाल आहेत. मीही खाऊनपिऊन बरी आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही आणि त्याचं कारण आमच्या समोरच राहतं. साहेब लोकांचे बंगले आणि आमचे क्वार्टर यांच्यामध्ये एकच रस्ता आहे. त्या रस्त्यापलीकडे नयनाबाई, यांच्या ऑफिसातल्या उल्हासरावांची बायको. पुण्याची माणसं, बोलायला गोड, आमच्याशी आवर्जून मराठीत बोलतात, नावं ठेवायला जागा नाही. तेच तर दुखणं आहे. नावं ठेवायला जागा असती तर मी सुखाने झोपले असते.

या बाईला काय येत नाही ते विचार. तिने विणायचं मशीन घेतलं म्हणून मीही शेजारणीचं मशीन आठवडाभर मागून आणलं. स्वेटर झाला, पण गळा इतका लहान की नीलाचं डोकं त्यातून जाईना. शेवटी तो उशीला घातला. तिने केक केला म्हणून मी कुकरमध्ये वाळू घालून केक केला. यांनी तो मोठ्या कौतुकाने ऑफिसात नेला आणि तिथे नकाशांचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवला, असं मला मागाहून कळलं. तिने गझल शिकायला उस्तादजी लावले, तर मीही जाऊन बसले. दोन दिवस त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बहनजींच्या हातचा चहा फार उम्दा असतो. तेव्हापासून माझी गझल बंद आणि चहा चालू.

तू हसशील. तुझं काय जातं हसायला, तू मुख्याध्यापिका. शाळेची घंटा तुझ्या शब्दावर वाजते. मी वर्ध्याला बालसेविकेचं शिक्षण पुरं केलं त्याला अठरा वर्षं झाली आणि एका दिवसाची नोकरी केली नाही. आधी लग्न, मग भुसावळ, मग नीला, मग ही लखनौची बदली. तू कुठे पोचलीस आणि मी कुठे राहिले हे मोजायला बसलं की तव्यावरची पोळी करपते.

आता खरं सांगायचं ते सांगते. परवा नीलाने पेपरात एक जाहिरात दाखवली. महानगर म्हणून शहरात एक भाग आहे, तिथली एक संस्था आसपासच्या खेड्यांत आईमुलांची केंद्रं काढते आहे. सेविकेच्या चार जागा आहेत. बालसेविकेचं शिक्षण हवं, ते आहे. वय चाळिशीच्या आत हवं, तेही आहे, पण पुढच्या वैशाखात संपेल. म्हणजे ही शेवटची गाडी. ताई, मला ही नोकरी फार हवी आहे. वाचून झाल्यावर मी ती जाहिरात पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवली आणि दिवसातून चार वेळा काढून वाचते आहे. पण खाली एक ओळ आहे की सायकल चालवता आली पाहिजे, परीक्षा घेतली जाईल. तर झालं. समोरची बाई भुर्रकन स्कूटरवर जाते आणि मी रिक्षात बसतानासुद्धा दोन्ही हातांनी धरून बसते. अर्ज करू की नको, तूच सांग. भाऊजींना मात्र सांगू नकोस, नाहीतर सगळ्या अमरावतीला कळेल.

माझ्या रडगाण्याने तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सुभद्रा

अमरावती
ता. २४ ऑगस्ट १९७९

चि. सौ. सुभद्रा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्र वाचलं. उशीला घातलेला स्वेटर मला नेमका प्रार्थनेच्या वेळी आठवला आणि हसू आवरेना. बाई आज खुशीत आहेत असं पाहून दोन वर्गांनी लगोलग सुट्टी मागितली. तुझ्या भाऊजींना मी एक अक्षर सांगितलं नाही. त्यांनी पत्र आपणच उघडून वाचलं. पण काळजी करू नकोस, शेजारचे, दूधवाला आणि पोस्टमन एवढ्यांनाच माहीत आहे.

आता माझं ऐक. लोकांना आपला तो बाब्या असतो आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुझं सगळं उलटं. दुसऱ्याचा तो बाब्या, आपलं ते कार्टं. मला सांग, तुला खरंच केक करायचा होता का? गझल म्हणायची होती का? आपल्या घरात बाबासाहेबांची गाणी म्हणतानासुद्धा तू टाळ्यांवर असायचीस, गळ्यावर नाही. तुला लहानपणापासून एकच गोष्ट येते. कुणाचंही किरकिरं पोर काखेला मारतेस आणि ते गप्प बसतं. आपल्या गल्लीतली सगळी शेंबडी पोरं तुझ्या मागे असायची. मला ते कधी जमलं नाही. माझ्या हातात पोर दिलं की ते जास्तच रडतं, अजूनही.

आणि माझ्याशी बरोबरी करायची असेल तर करून घे. माझ्या शाळेचं छप्पर गळतं आणि माझे दोन्ही गुडघे दुखतात. हवं ते पार्सलने पाठवते.

अर्ज कर. आजच कर. सायकल शीक. पडशील, त्याला काय, तू काही काचेची नाहीस. नोकरी मिळाली नाही तर तिथल्या परीक्षेत मिळाली नाही असं होऊ दे. पिठाच्या डब्यामागे राहून गेली असं होऊ नये.

श्रीपतरावांना जयभीम, नीलाला पापा. ताईचा धाक आणि माया दोन्ही आहेत, सोयीने एकच घेऊ नकोस.
तुझी ताई,
चंदा

मानक नगर, लखनौ
ता. ९ ऑक्टोबर १९७९

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

अर्ज गेला. मार्च महिन्यात परीक्षेला या असं उत्तरही आलं. आता मागे फिरता येत नाही, आणि पुढे जायचं तर सायकलवरून, जी मला पुढे नेत नाही, आडवी नेते.

आलमबागच्या दुकानातून तासाच्या भाड्याने लेडीज सायकल आणतो. शिकवायला दोन गुरू आहेत. एक हे. तुला माहीत आहे, यांचा सगळा जन्म ऑफिसात ड्रॉइंग काढण्यात गेला. तर यांनी आधी ट्रेसिंग पेपरवर सायकलचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने आणि वरून. त्यात मी म्हणजे एक टिंब आहे आणि त्या टिंबातून एक बाण खाली जातो. तो बाण दोन चाकांच्या रेषेत राहिला की माणूस पडत नाही, असं म्हणाले. मी ड्रॉइंग समजून घेतलं, सायकलवर बसले आणि पडले. ड्रॉइंग तपासून म्हणाले, ड्रॉइंग बरोबर आहे.

दुसरी गुरू नीला. ती कॅरिअर धरून मागे धावते आणि हिंदीत ओरडते, सामने देखो, मम्मी, सामने देखो. मराठीत सांग म्हटलं तर म्हणते, मराठीत सांगेपर्यंत तू गिर चुकी होगी. खरं आहे ते.

साडीने जीव नकोसा केला आहे. निऱ्या साखळीत जातात. दोन साड्या फाटल्या आणि तिसरीला काळं वंगण लागलं ते रिठ्यानेही निघेना. कॉलनीतल्या बायका दुपारची कामं आटपून ओट्यावर येऊन बसतात, हा आमचा खेळ बघायला. कुणी भाजी निवडते, कुणी शेंगा सोलते. त्याचंही काही नाही. पण मधूनच नयनाबाई स्कूटरवरून जाते, थांबते आणि म्हणते की सुभद्राताई, छान चाललंय, अगदी सोपं असतं हो. तिला दोन दिवसांत आली होती स्कूटर. ताई, कुणी हसलं तर मी त्याला उत्तर देईन. धीर दिला की काय करायचं?

तरी सोडलेली नाही. गुडघ्यांची पार्सलं तुझ्याकडेच ठेव, माझे आता तुझ्यापेक्षा वाईट आहेत.

भाऊजींना जयभीम आणि आता सगळ्यांना सांगितलंत तरी चालेल. माझ्या नावाने थोडी फुंकर घाल.
तुझी,
सुभद्रा

मानक नगर, लखनऊ
ता. २ डिसेंबर १९७९

ती. मावशीस,
नीलाचा सा. जयभीम.

मी मराठीत लिहून राहिले, गलती झाली तर काकांना म्हणावं हसू नका. मम्मीला माहीत नाही की मी पत्र लिहिते आहे.

मम्मी आता सायकल चालवत होती, सच्ची. मी पकडत नव्हते, तरी सीधी जात होती. पण मागच्या शनिवारी फार गडबड झाली. इथे ठंडीत फुलांचं प्रदर्शन असतं. नयना काकूंनी त्याच्यासाठी गुलदाउदीच्या कुंड्या वाढवल्या होत्या, आपण शेवंती म्हणतो ती, पण फूल एवढं मोठं की दोन हातांत मावणार नाही. त्या कुंड्या त्यांनी फाटकाजवळ धूपमध्ये ठेवल्या होत्या. मम्मी मस्त येत होती. तेवढ्यात काकू पाण्याचा झारा घेऊन बाहेर आल्या, नवा शाल घालून. मम्मीने त्यांच्याकडे बघितलं. बस. सायकल रस्ता सोडून सरळ त्यांच्या फाटकात. तीन कुंड्या फुटल्या, सगळ्यात मोठी सफेद वाली पण.

पप्पा म्हणतात की यात मम्मीची गलती नाही, सायकलचा नियमच आहे, नजर जिकडे, हँडल तिकडे. मम्मी पूर्ण दिवस नयना काकूंचं घर बघत असते, मग सायकल बिचारी कुठे जाईल?

भाड्यावाले भैया आता सायकल देत नाहीत, हँडल तिरछा झाला म्हणून. काकू सीध्या अंदर गेल्या. आणि मम्मी म्हणते आता परीक्षेला जाणार नाही, आपल्याला हे शोभत नाही. रोटी करताना रडत होती. मी विचारलं तर म्हणाली कांद्याने. मावशी, त्या दिवशी कांदा नव्हताच.

मला मम्मी गिरती हुई चालते, रोती हुई नाही चालत. आपण कुछ करा ना. तुमचं ती ऐकते, आणि डरते पण.

काकांना जयभीम. माझ्यावर प्यार ठेवा, मराठी सुधारेल.
तुमची,
नीला

अमरावती
ता. १४ डिसेंबर १९७९

चि. सौ. सुभद्रा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

मला कुठून कळलं ते विचारू नकोस. ज्या माणसाने कळवलं त्याची मराठी वाचून तुझ्या भाऊजींनी त्याला मोठी पदवी द्यायचं ठरवलं आहे.

कुंड्या फोडल्यास त्याबद्दल त्या बाईंची माफी मागितलीस का? नसशील तर हे पत्र खाली ठेव, जा आणि मागून ये. माफी मागणं वेगळं आणि लाजून घरात बसणं वेगळं. पहिलं कर, दुसरं करू नकोस. आपल्या बाने चार मैल चालत जाऊन आपल्याला शाळेत घातलं, ते शोभतं की नाही हे त्याने कुणाला विचारलं होतं का? तुला काय शोभतं ते मी सांगते. नोकरी शोभते.

भाड्याची सायकल गेली ती बरी गेली. श्रीपतरावांची ऑफिसला जायची सायकल घरात उभी असते. तू म्हणशील ती पुरुषांची, मधे दांडी, साडीत कसं बसणार. म्हणून वेगळं पार्सल टाकलं आहे. त्यात गुडघे नाहीत, घाबरू नकोस. तुझंच हिरवं नऊवारी लुगडं आहे. लखनौला जाताना ट्रंकेतून काढून माझ्याकडे टाकलंस आणि म्हणालीस, तिकडे हे कोण नेसतं. कुणी नेसत नसेल. पण कासोटा घालून आपल्या बायका विहिरीत उतरल्या, झाडावर चढल्या, मिरवणुकीत झेंडा घेऊन कोसभर चालल्या. त्यापुढे तुझी सायकल काय मोठी लागून गेली आहे?

नीलाला रागावशील तर माझ्याशी गाठ आहे. माया आहे, ती पार्सलात बांधून पाठवली आहे.
तुझी ताई,
चंदा

मानक नगर, लखनौ
ता. १६ जानेवारी १९८०

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

आधी भांडून घेते. पार्सल उघडलं तेव्हा तुझा इतका राग आला की पत्र लिहायला घेतलं असतं तर कागद जळला असता. सगळ्या बायका इथे जॉर्जेट नेसून फिरतात आणि मी त्यांच्यासमोर कासोटा घालून, पोटऱ्या दाखवत सायकल चालवायची? लुगडं ट्रंकेत कोंबलं. माफी मात्र तुझं पत्र यायच्या आधीच मागून आले होते. नयनाबाई म्हणाली, काही हरकत नाही. त्या बाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मग धुकं पडलं. इथलं जानेवारीचं धुकं तू पाहिलेलं नाहीस. चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. एका सकाळी दूध तापवताना माझ्या मनात आलं, आज कोण बघणार आहे? हे अजून पांघरुणात होते. लुगडं काढलं, कासोटा घट्ट मारला, यांची सायकल बाहेर काढली आणि पाय दांडीवरून पलीकडे टाकला. ताई, लोंबत्या निऱ्या नाहीत, पदर खोचलेला, पाय मोकळे. इतक्या वर्षांनी माझे पाय मला परत मिळाले असं वाटलं. आणि गंमत बघ, समोर दोन हात रस्ता दिसत होता, बाकी जगच नव्हतं. समोरचं घर नाही, बंगले नाहीत, ओट्यावरच्या बायका नाहीत. मी आणि तेवढा रस्ता. तेवढा झाला की पुढचा तेवढाच दिसायचा. मी पडलेच नाही.

रोज सकाळी हाच उद्योग चालला. मग परवा दगा झाला. मी कॉलनीच्या पार टोकाला, मैदानापाशी होते आणि एकाएकी ऊन पडलं. बघते तर दूधवाले भैया कॅन खाली ठेवून माझ्याकडे बघत उभे. फिरायला निघालेले साहेब लोक उभे. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं की बेटी, कौनसे सरकस से आई हो. मला उतरून पळून जावंसं वाटलं. पण मला अजून नीट उतरता येत नव्हतं. म्हणून तशीच चालवत घरापर्यंत आले, सगळ्यांच्या देखत, आणि वाटेत कधीतरी मलाच हसू यायला लागलं. फाटकात हे उभे होते. आत जाऊन पाना आणला आणि सीट माझ्या उंचीची करून दिली. आता ऑफिसला जाताना गुडघे वर करून चालवतात, अगदी टोळासारखे दिसतात.

संध्याकाळी नयनाबाईने नीलाच्या हाती फुटक्या कुंडीतल्या शेवंतीची फांदी पाठवली. निरोप असा की ही तुमच्याच अंगणात लावा, म्हणजे पुढच्या वेळी तुमची सायकल तिकडेच आदळेल. ताई, मी पोट धरून हसले. मग चहा घेऊन तिच्याकडे गेले. आता आम्ही बोलतो.

लुगड्याबद्दल तुझे आभार मानणार नाही, डोक्यावर बसशील. तुझी माया मात्र चापूनचोपून नेसली आहे.
तुझी,
सुभद्रा

अमरावती
ता. ३ मार्च १९८०

चि. सौ. सुभद्रा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

परीक्षा जवळ आली म्हणून एवढंच. नीट जेवून जा. बाकीच्या मुली किती शिकलेल्या आहेत, किती तरुण आहेत, कुणाची सायकल नवी आहे, याची चौकशी करू नकोस. विचारतील त्याचं उत्तर दे. येत नसेल तर येत नाही म्हण.

मी शाळेत वार्षिक परीक्षेच्या कामात आहे, पण खरं सांगायचं तर लक्ष तुझ्याकडे आहे. तुझे भाऊजी काल म्हणाले की तुला माझ्या बढतीच्या वेळी एवढी काळजी नव्हती. नव्हतीच.

निकाल काहीही लागो, लगेच कळव. मायेला निकाल नसतो.
तुझी ताई,
चंदा

मानक नगर, लखनौ
ता. ६ एप्रिल १९८०

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

मिळाली. आधी हेच लिहून टाकते, नाहीतर भाऊजी पत्राचा शेवट आधी वाचतील.

आता सुरुवातीपासून ऐक. महानगर आमच्यापासून लांब, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गोमती ओलांडून. मी बसने गेले आणि हे सायकल चालवत आले, घामाघूम होऊन, कारण सीट वर करायला तयार नव्हते. आज मान तुझा आहे म्हणाले. तिथे पोचले तर बऱ्याच बायका जमलेल्या. बहुतेक पंचविशीच्या, सलवार-कमीजमधल्या, बी.ए. झालेल्या. मी एकटी नऊवारीत. तुझं पत्र पदरात बांधलं होतं, म्हणून कुणाला काही विचारलं नाही.

आधी तोंडी परीक्षा. मोठ्या बाईंनी विचारलं की पोर सारखं रडत असेल तर काय कराल. मला एकदम पुस्तकातलं काही आठवेना. म्हटलं, आधी उचलून घेईन, मग का रडतं ते बघेन. माझी हिंदी मध्येच मराठीत जात होती. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, चांगलं की वाईट ते कळलं नाही.

मग सायकल. तिथल्याच कपूरथला नावाच्या बाजाराला वळसा घालून परत यायचं, कॅरिअरला केंद्राची पिशवी बांधून. तिघी-तिघींना सोडत होते. माझ्याबरोबरच्या दोघी पोरींनी शिटी वाजल्यासारखी सुरुवात केली. जणू शर्यतच. कुणी शर्यत म्हटलं नव्हतं, पण एकीने पायडल मारलं की दुसरी जोरात मारायची, एकमेकींकडे बघत बघत. मी म्हटलं, आपल्याला दोन हात रस्ता पुरे. बाजारात गर्दी किती, रिक्षा, टांगे, गाई. मी आपली घंटी वाजवत चालले.

परत आले तर मोठ्या बाईंनी विचारलं, त्या सब्जीच्या ठेल्यापाशी काय झालं. मी म्हटलं, कोणता ठेला? तेव्हा कळलं की त्या दोघी एकमेकींवर आदळून सरळ ठेल्यात शिरल्या होत्या. टमाटे रस्ताभर झाले होते आणि मी त्यातून वाट काढत गेले म्हणे, बघ्यांच्या मधून. मला फक्त एवढंच आठवतं की एके ठिकाणी रस्ता लाल होता. आणि ऐक, त्या पोरी पडल्या, उठल्या, भैयाला टमाटे गोळा करून दिले, आणि तरीसुद्धा माझ्या आधी पोचल्या. मी सगळ्यांत शेवटची.

घरी येताना रडू येत होतं. हे बसपर्यंत सोबत आले. पण काल पत्र आलं. वेळ कुणी लावलीच नव्हती, पिशवी धड परत येते का एवढंच बघायचं होतं. जागा चार होत्या. यादीत माझं नाव चौथं आहे. नीलाने हिशोब करून सांगितलं की मी सगळ्यांत खाली आहे. मी म्हटलं, बाई गं, खाली असू दे, कागदावर आहे ना. मग आम्ही तिघं इतके हसलो की नयनाबाई काय झालं म्हणून पळत आली. तिने केक केला. मी तो खाल्ला आणि कसा केला ते विचारलं नाही.

तुझ्या मायेचाही क्रमांक लावायचा नाही, कबूल.
तुझी,
सुभद्रा

मानक नगर, लखनौ
ता. १२ डिसेंबर १९८०

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. दिवस कुठे जातो कळत नाही. सकाळी पोळ्या करून निघते, तीन गावं माझ्याकडे आहेत. आंब्याच्या फांदीला तराजूचा काटा टांगतो आणि झोळीत घालून पोरांची वजनं करतो. पोरं रडतात, मी गाणं म्हणते. उस्तादजींनी ऐकलं तर पळून जातील, पण इथली पोरं गप्प होतात. एका गावात मला सायकलवाली म्हणतात, दुसऱ्या गावात हरी साडीवाली बहनजी. पहिल्यांदा सासवा सुनांना पाठवत नव्हत्या. आता सासवाच आधी येऊन बसतात, गुडघे दुखतात म्हणून औषध मागतात. तुझा पत्ता देऊ का?

तू विचारलंस, नयनाबाईच्या शेवंतीला यंदा कितवं बक्षीस मिळालं. मला माहीतच नाही. ताई, दिवसातून दोनदा त्या फाटकासमोरून जाते आणि मला माहीत नाही. मागच्या वर्षी तिच्या पडद्यांचा रंगसुद्धा मी तुला कळवला होता.

नीलाला विचारलं तर ती म्हणाली, मम्मी, काकू तर महिनाभर पुण्याला आहेत, त्यांच्या आई बीमार आहेत, घराला ताला आहे. याची मात्र मला लाज वाटली. तिच्याकडे टकामका बघणं सुटलं ते बरं झालं, पण शेजारणीच्या घराला कुलूप आहे हे तर दिसायला हवं होतं. त्याच संध्याकाळी गेले. कुंड्या सुकायला लागल्या होत्या. आता रोज गावाहून आले की आधी तिच्या कुंड्यांना पाणी घालते, मग आपल्या. तिला पुण्याला पत्रही टाकलं.

मला आता एकच कमी आहे. तू हे काहीच पाहिलेलं नाहीस. फेब्रुवारीत भाऊजींना घेऊन ये. थंडी कमी होते, मटार स्वस्त असतो. तुझ्या गुडघ्यांना मी जपेन.

माया पत्रातून फार झाली, आता स्वतः घेऊन ये.
तुझी,
सुभद्रा

अमरावती
ता. १ मार्च १९८१

चि. सौ. सुभद्रा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या भाऊजींनी गाडीतच चार अनोळखी माणसांना तुझी सगळी गोष्ट सांगितली, आणि त्यात रस्त्यात लागलेल्या म्हशींची संख्या दर स्टेशनला वाढत गेली. नागपूरला आलो तेव्हा तिथे एक हत्तीही आला होता.

श्रीपतरावांनी माझ्यासाठी काढलेलं ड्रॉइंग मी शाळेत नेलं. कॅरिअरवर बाईमाणसाने कसं बसावं याचं. त्यातलं माझं टिंब त्यांनी तुझ्या टिंबापेक्षा बरंच मोठं काढलं आहे, हे माझ्या लक्षात आलं आहे असं त्यांना सांग.

आता एक गोष्ट लिहायची आहे, तिथे असताना बोलता आली नाही. त्या सकाळी तू मला मागे बसवून गावाला निघालीस. मी नको म्हणत होते. माझं वजन, माझे गुडघे, माझं वय, सगळं सांगून झालं. तू म्हणालीस, ताई, बस. आणि मी बसले. मला कुणी असं दरडावून सांगून किती वर्षं झाली असतील, आठवत नाही. कॉलनी संपली, कच्चा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झालेली. तू निघालीस ती निघालीसच. मी मागून ओरडत होते की हळू घे, खड्डा आहे, डावीकडून घे. सुभे, तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस.

आधी मला राग आला. मुख्याध्यापिका ओरडते आहे आणि कुणी ऐकत नाही, याची मला सवय नाही. मग मी गप्प बसले आणि तुझ्या पाठीकडे बघत राहिले. लहानपणी शाळेच्या वाटेवर मी पुढे असायची आणि तू मागून येत राहायचीस, ताई थांब म्हणत. माझी पाठ तू जन्मभर पाहिलीस. तुझी पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घामाने चिकटलेलं पोलकं, घट्ट खोचलेला पदर, आणि दर पायडलला तू काहीतरी पुटपुटत होतीस. मी कान देऊन ऐकलं. तू त्या दिवशी काय काय करायचं आहे ते मनाशी म्हणत होतीस. कुणाचं पोर खोकतं, कुणाला लस द्यायची. त्यात मी नव्हते. मला इतका आनंद झाला की तुला हाक मारून सांगावंसं वाटलं. पण पुढे म्हशी होत्या आणि तुझं लक्ष रस्त्यावर होतं, म्हणून मी तुझ्या कमरेला घट्ट धरून बसून राहिले.

नीलाला पापा, श्रीपतरावांना आणि नयनाबाईंना जयभीम. माया मागे बसली आहे, तू चालव.
तुझी ताई,
चंदा